मदत हवी आहे: फॉर्मिक अॅसिड ८५.४ टक्के निघालं, यूएन नंबर (धोकादायक मालाचा ओळख क्रमांक) कुठला लावू?

मंडळी, विषय किचकट आहे, पण इथे शिपिंग लाइनमध्ये आणि बंदरात हाडं झिजवलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

तळोज्याला आमचं रिपॅकिंगचं छोटं युनिट आहे. टँकरने फॉर्मिक अॅसिड येतं, आम्ही ते ३५ किलोच्या निळ्या कॅनमध्ये भरून इचलकरंजी-सोलापूरच्या प्रोसेस हाउसना देतो. कापड रंगवताना पीएच उतरवायला ते लागतं. परदेशी ऑर्डर मात्र ही पहिलीच. कोलंबोचा रबरवाला आहे, चीक गोठवायला त्यांना हेच आम्ल लागतं. ५२० कॅन, १८.२ टन, वीस फुटी एक कंटेनर, न्हावा शेवाहून.

आमच्या एसडीएसच्या (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) १४व्या भागात यूएन ३४१२ आहे, म्हणून फॉरवर्डरने (माल पाठवायची व्यवस्था बघणाऱ्या एजंटने) त्याखालीच बुकिंग टाकलं. लाइनच्या डीजी डेस्कने (धोकादायक माल बघणाऱ्या विभागाने) मंजुरीआधी सीओए, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला, मागितला. त्यावर शुद्धता ८५.४. तासाभरात मेल आली: ३४१२ फक्त १० ते ८५ टक्क्यांसाठी आहे, ८५ च्या वर गेलात तर यूएन १७७९, म्हणजे वर्ग ८ (क्षरणकारक) सोबत ३ चा (ज्वलनशील द्रव) उपधोका. बुकिंग होल्डवर.

मी स्वतः पुन्हा टायट्रेशन (आम्लाचं प्रमाण मोजायची चाचणी) करून बघितलं. गुलाबी छटा त्याच थेंबाला आली, ८५.४ च.

खरी गोम पुढे आहे. एलसीमध्ये (खरेदीदाराच्या बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रात) मालाचं वर्णन ‘८५ टक्के मिनिमम’ असं आहे. म्हणजे बँकेला ८५ च्या खाली चालत नाही आणि ३४१२ ला ८५ च्या वर चालत नाही! फॉरवर्डर म्हणतो, ‘साहेब, दोन सीओए बनवा. बँकेला ८५.४ चा, लाइनला ८४.९ चा. मोजायला कोण बसलंय?’ मला ते पटत नाही, पण कट-ऑफ (जहाजासाठी माल द्यायची शेवटची मुदत) शुक्रवारी आहे आणि घरचे म्हणतायत की अर्ध्या टक्क्याने काय जग बुडतं.

हिशेब करून बघितला. १८.२ टनांत १०७ किलो पाणी घातलं की ८४.९ होतं. एवढ्या पाण्यासाठी हे सगळं चाललंय. पण कॅन भरून सीलबंद आहेत, लेबलं लागली आहेत, कंटेनरचे प्लेकार्ड (बाहेर लावायचे धोक्याचे मोठे फलक) छापून आलेत.

१) पाणी घालून ३४१२ मध्ये बसवू की १७७९ म्हणून जाऊ?
२) १७७९ ला कॅन बदलावे लागतील का?

प्रतिसाद – खारावारा

दोन सीओए अजिबात नको. डेंजरस गुड्स डिक्लरेशनवर सही तुमची असते, फॉरवर्डरची नाही. काही झालं तर तो ‘शिपरने दिलं तेच लिहिलं’ म्हणून मोकळा होतो.

आणि कोलंबोचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. २०२१ च्या मे महिन्यात एक्स-प्रेस पर्ल हे कंटेनर जहाज त्याच बंदराबाहेर पेटलं. कंटेनरमधून नायट्रिक अॅसिड गळत होतं हे आधीच कळलं होतं. कतारच्या हमाद बंदराने आणि आपल्या हजिराने तो कंटेनर उतरवून घेतला नाही. २० मेला आग, जूनमध्ये जहाज तळाला, आणि किनाऱ्यावर प्लास्टिकच्या दाण्यांचा खच. डीजी डेस्कवाले दशांशावरून अडतात तेव्हा चिडू नका.

प्रतिसाद – अर्धवट_रसायनी

हा आकडा ८५ च का, तर शुद्ध फॉर्मिक आम्लाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि पाणी वाढलं की तो वर सरकतो. ६० पर्यंत असला तर द्रव ज्वलनशील, वर्ग ३. कागदावर रेघ कुठेतरी मारावी लागते, ती ८५ वर मारली आहे. नंबर बदलला की जहाजावर आग लागल्यास काय करायचं याच्या सूचनाही बदलतात, म्हणून तो नुसता कारकुनी मुद्दा नाही.

पाणी घालायचा विचार सोडा. ५२० झाकणं उघडून पुन्हा टाकीत ओतायचं, ढवळायचं, पुन्हा भरायचं, आणि वर एलसीत ‘मिनिमम’ आहेच.

प्रतिसाद – खारावारा

कॅनचं उत्तर राहिलं. ३४१२ (१० टक्क्यांच्या वर) आणि १७७९ दोघांनाही पॅकिंग ग्रुप २ (मध्यम धोक्याची श्रेणी) लागतो. कॅनवर यूएनच्या वर्तुळापुढे ३एच१ (प्लास्टिक कॅनचा कोड) आणि मग वाय किंवा एक्स असं उठावात कोरलेलं दिसेल. वाय असेल तर ग्रुप २ ला चालतं, झेड असेल तर नाही. त्यापुढचा आकडा घनतेचा. तुमचं आम्ल साधारण १.२ आहे, त्याहून मोठा हवा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगचं सर्टिफिकेट कॅनवाल्याकडून घेतलंय ना? आणि उत्पादनाची तारीख बघा. प्लास्टिकच्या कॅनला धोकादायक मालासाठी पाच वर्षांची मुदत असते, गोदामात पडून असलेले स्वस्तात मिळतात ते नेमके त्यातले.

धागाकर्ता

तारीख बघा म्हणालात म्हणून टॉर्च घेऊन बसलो. ५२० पैकी ३८ कॅन सहा वर्षांपूर्वीचे निघाले! बाकीचे गेल्या वर्षीचे, वाय १.९. कॅनवाल्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. ३८ चा माल नव्या कॅनमध्ये काढतोय.

१७७९ म्हणूनच जायचं ठरवलं. एसडीएस दुरुस्त करायला टाकलाय, खरेदीदाराशी बोलून एलसीची शिपमेंट तारीख वाढवून घेतोय. शुक्रवारचं जहाज गेलं ते गेलं. फॉरवर्डर बदलला.

अजून एक. उन्हात ठेवलेले एक-दोन कॅन फुगलेत, झाकण सैल केलं की फुस्स होतं.

प्रतिसाद – अर्धवट_रसायनी

फॉर्मिक आम्ल हळूहळू विघटित होतं, त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. तो वास देत नाही, म्हणून बंद शेडमध्ये उघडू नका. फुगलेले कॅन कंटेनरमध्ये अजिबात चढवू नका. वायू सोडणारं पण द्रव न सांडणारं व्हेंट झाकण मिळतं, कॅनवाल्याला विचारा, पण ते त्या कॅनच्या सर्टिफिकेटमध्ये बसतंय का ते लेखी घ्या.

धागाकर्ता

विचारतो. सध्या पुतण्या आणि दोन पोरं लेबलं खरवडतायत, गोंद सुटता सुटत नाही. सगळंच काढायचं का?

प्रतिसाद – खारावारा

८ चं राहू द्या, ते दोन्हीकडे लागतंच. फक्त नंबर-नावाची पट्टी बदला आणि शेजारी ३ चं लाल लेबल, १०० बाय १०० मिलिमीटर. पट्टी निघत नसेल तर नवीन वरून चिकटवा, पण जुना नंबर पूर्ण झाकला पाहिजे. कागदी स्टिकर घेऊ नका, मजकूर समुद्राच्या पाण्यात तीन महिने टिकायला हवा. कंटेनरला चारही बाजूंना ८ आणि ३, २५० मिलिमीटरचे. एकाच मालाचं वजन चार टनांच्या वर आहे, तेव्हा १७७९ नंबरही बाहेरून दिसला पाहिजे. छापून आलेले ३४१२ चे आधी फाडून टाका, नाहीतर घाईत कोणीतरी तेच लावेल.