फौजेतून गावात आल्यावर नवीन काम कसं शिकलात? अनुभव लिहा

दारव्हा, जि. यवतमाळ (माजी हवालदार, महार रेजिमेंट)

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण असं की आमच्या पट्ट्यात दरवर्षी कोणी ना कोणी पेन्शनवर येतो, गाव त्याची मिरवणूक काढतं, डीजे, हारतुरे, शाळेत सत्कार सगळं होतं, आणि महिन्या-दोन महिन्यात तोच माणूस बसस्टँडवर नुसता बसलेला दिसतो, कारण पुढं काय ते ठरलेलंच नसतं. वय किती, तर 36-38. पोरं पाचवी-सहावीत. पेन्शन येते, पण त्यात शिक्षण, घराचा हप्ता आणि म्हाताऱ्या मायबापाचा दवाखाना भागत नाही, आणि वावर म्हणाल तर भावाभावांत वाटून राहिलेलं कोरडवाहू.

सोय नाही असं नाही. दिल्लीला पुनर्वसन महासंचालनालय आहे, आपण त्याला डीजीआर म्हणतो. नोकरीच्या शेवटी शेवटी ते कोर्सला पाठवतात, जास्तीत जास्त 24 आठवड्यांचा. जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) फी नाही, अधिकाऱ्यांना 40 टक्के भरावी लागते. पण असा कोर्स एकदाच मिळतो. युनिटमध्ये यादी आली की पोरं फक्त एवढंच पाहतात की कोर्स घराजवळच्या शहरात आहे का. मला अगदी मनापासून वाटतं की यादीत नाव द्यायच्या आधी सुट्टीवर आलेलं असताना आपला तालुका फिरून पाहावा, कोणत्या कामाला इथं माणूस मिळत नाही ते विचारावं. मी जिनिंगमध्ये जाऊन विचारलं होतं. ते म्हणाले कापूस मोजायला माणसं आहेत, हिशेब नीट ठेवणारं कोणी टिकत नाही. म्हणून मी टॅली आणि जीएसटीचा कोर्स घेतला, आज त्याच कामावर आहे, आणि दसरा-दिवाळीपासून कापसाच्या गाड्या लागल्या की रात्री दहापर्यंत बिलं चालतात.

आता तुम्ही लिहा. काय शिकलात, कुठं शिकलात, काय अडलं.

वरूड, जि. अमरावती (माजी नायक, ईएमई)

दादा, बरा विषय काढला. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, इलेक्ट्रिशियन होतो. घरी आलो तर जो तो म्हणे बँकेत गार्ड हो, बंदुकीचं लायसन काढ. मले ते करायचंच नव्हतं, मले हाताचं काम पाहिजे होतं.

आमच्याकडे संत्र्याचे बगीचे, पाणी पार खाली गेलेलं, बोअर 800-900 फुटांचे. मोटर जळली की ती वर काढायला वेगळी गाडी बोलवा, तिचे पैसे वेगळे, मोटर भरून यायला आठवडा, आणि तोवर झाडं तहानलेली. मोटर भरणारे मिस्त्री सगळे म्हातारे झाले, पोरं त्या धंद्यात येत नाहीत. म्हणून तेच धरलं. गाड्यांची वायरिंग, जनरेटर मी फौजेत भरपूर केलं, पण सबमर्सिबल कधी उघडली नव्हती. प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, आरसेटी म्हणतात, लीड बँक चालवते, राहणं जेवण शिकणं सगळं फुकट. तिथं मोटर रिवाइंडिंगचा महिनाभराचा कोर्स केला. वर्गात सगळे विशीतले, शिकवणारे सरही माझ्याहून लहान. पण मी त्यांना सरच म्हणायचो, शिकवतो तो उस्ताद, मग वय काही का असेना.

काम कसं असते ते सांगतो, कारण लोकांना वाटते तार काढली आणि तार भरली. जुनी वाइंडिंग कापायच्या आधी वहीत सगळं लिहून घ्यायचं, स्लॉट किती, एका कॉइलला वेढे किती, तार कोणत्या गेजची, जोड कुठून कुठं गेला. पाण्यात चालणाऱ्या मोटरची तार वेगळी, तिच्यावर प्लास्टिकचं वेष्टन असते, भरताना एका जागी जरी खरचटलं तरी मोटर बोअरमध्ये उतरल्यावर शॉर्ट होते, आणि मग शेतकऱ्याचा गाडीचा खर्च पुन्हा. त्यामुळं भरून झाली की मोटर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतो आणि मेगर, म्हणजे तारेचं वेष्टन नीट आहे का ते तपासायचं यंत्र, लावून पाहतो, तोवर देत नाही.

कोर्सनंतर एक हंगाम मी मोर्शीच्या एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली बसलो, चहापाण्यापुरते पैसे घेऊन. मोटर कशानं जळली हे तिथं कळलं. आमच्याकडे लाइन रात्रीची येते, तीनपैकी एक फेज उडते, शेतकऱ्यानं लाइन आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो बसवलेला असतो, तो बटण टाकतो, मोटर नुसती घुंघुं करते, फिरत नाही, पाचेक मिनिटात खल्लास. आता मी मोटर देताना फेज गेला की बंद पाडणारा प्रिव्हेंटर लावल्याशिवाय देतच नाही. त्यानं माझ्याकडं येणाऱ्या मोटरी कमी होतात, होऊ द्या. लोकांचा बगीचा जगला पाहिजे.

चिखली, जि. बुलढाणा (सुभेदार साहेबांच्या घरून)

मी स्वतः फौजी नाही, मिस्टर होते, पण लिहिते कारण ते लिहिणार नाहीत. हे घरी आले तेव्हा सगळ्यात अवघड गेलं ते कॉम्प्युटर. चाळीस जणांची प्लाटून सांभाळलेला माणूस, आणि एमएससीआयटीच्या क्लासमध्ये माझ्या पुतणीच्या शेजारच्या खुर्चीवर. आणि ती पोरगी, "काका, राइट क्लिक म्हणजे हे बटण" असं सांगायची. ह्यांनी एक दिवस चुकवला नाही. पहाटे चारला उठायची सवय तर मोडणारच नव्हती, मग तो वेळ टायपिंगला दिला. लिपिकासाठी मराठी टायपिंग मिनिटाला 30 शब्द लागतं. ह्यांच्या उजव्या हाताची करंगळी जुन्या दुखापतीनं वाकत नव्हती, ती कीबोर्डवर पोचेना, मग शेजारच्या बोटानं तीच अक्षरं मारायचा सराव केला, रोज, माझी भाकरी होईपर्यंत आतल्या खोलीतून खटखट ऐकू यायची.

राज्याच्या भरतीत गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. जाहिरात निघाली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची नोंदणी, ओळखपत्र, डिस्चार्ज बुक सगळं तयार पाहिजे, नाहीतर कागदपत्र तपासणीत माणूस बाहेर पडतो. आमच्याकडची फाइल मी ठेवली होती, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. हे आता सरकारी कार्यालयात लिपिक आहेत. बायांनो, नवऱ्याचं पुढचं ठरवताना तुम्ही पण बसा त्यांच्यासोबत. इतकी वर्षं घर, पोरं, सासू-सासरे, बँक, शेताचं ठोक्याबटाईचं सगळं आपणच पाहिलेलं असतं, गावात काय चालतं ते आपल्याला जास्त ठाऊक असतं.

कोरपना, जि. चंद्रपूर

सिक्युरिटीत जाणाऱ्या भावांसाठी लिहितो. मला एका एजन्सीनं कागदावर सही घेऊन थेट कंपनीच्या गेटवर उभं केलं. बारा बारा तास ड्यूटी, पीएफचा पत्ता नाही, पगार कधी होईल भरवसा नाही. एजन्सीचं नाव लिहीत नाही. पण कायदा माहीत असू द्या, खासगी सुरक्षा एजन्सीचा कायदा 2005 चा आहे आणि त्याखालच्या नियमांत गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर ट्रेनिंग द्यायचं असते. आपल्याला फौजेमुळं सूट आहे, 40 तास आणि 16 तास. सूट आहे म्हणून ट्रेनिंगच नाही असं होत नाही. जी एजन्सी हे देत नाही ती बाकीचंही देणार नाही. मेस्को म्हणजे राज्याचं माजी सैनिक महामंडळ, आधी तिथं नोंदणी करा.

मी नंतर फायर आणि सेफ्टीचा कोर्स केला आणि आता सिमेंटच्या प्लांटमध्ये सेफ्टीला आहे. वेल्डिंगचं परमिट माझ्या सहीशिवाय निघत नाही. खाली कोळशाची धूळ, वर ठिणगी, हा विषय आहे. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस घाई करतो, मी आधी जागा धुऊन घेतो, बाजूला आग विझवायचं सिलिंडर ठेवतो, त्याचा काटा हिरव्यात आहे का पाहतो, मगच सही. गेटवर उभं राहण्यापेक्षा ह्या कामात आपली शिस्त कामाला येते असं माझं मत.

समुद्रपूर, जि. वर्धा (माजी गनर)

ड्रोन. दहावी पास, वय 18 ते 65, डीजीसीएची (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) मान्यता असलेल्या संस्थेतच शिकायचं, सर्टिफिकेट मिळते. उडवणं आठवड्याभरात येते हो, खरं काम पुढं आहे. फवारणीत बॅटरी पटापट संपतात, म्हणून चार-पाच सेट आणि वावरात जनरेटर लागतो, नाहीतर अर्ध्या एकरात हात बांधून बसा. धुऱ्यावरची (बांधावरची) बाभूळ, वरून गेलेली विजेची तार, शेजाऱ्याची गुरं, वारा, हे सगळं आधी चालत जाऊन पाहायचं. तोफखान्यात वाऱ्याचा अंदाज शिकलो तो इथं रोज लागतो.

मी हे का धरलं तर 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडांवर) फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, त्यात माझ्या ओळखीच्या गावातला मजूर होता. डोक्याइतक्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन शिरायचं म्हणजे औषध नाकातोंडात जाणारच. माणूस धुऱ्यावर उभा राहून फवारणी होते हे मला फार मोठं वाटते.

साकोली, जि. भंडारा

मी थोडक्यात. पोलीस भरतीची पोरं पळवतो. 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक. धान निघालं की बांधीतच ट्रॅक आखतो. पळवणं आपल्याला येते पण पोराचा गुडघा का दुखतो हे फौजेत कोणी शिकवत नाही, म्हणून मुद्दाम फिजिओ डॉक्टरांकडे जाऊन बसलो, ते शिकून घेतलं. माजी सैनिकांनी अकॅडमी काढायच्या आधी हे शिकावं ही विनंती.

रिसोड, जि. वाशीम (सध्या नोकरीत)

जय हिंद सर. माझी 14 वर्षं झाली, व्हेइकल मेकॅनिक आहे. दोन वर्षांनी यायचा विचार आहे. आयटीआयमध्ये शिकवायचं मनात आहे, होईल का? का गॅरेज टाकू?

दारव्हा

होईल. पण निदेशक, म्हणजे आयटीआयमध्ये शिकवणारा, व्हायला सीआयटीएस म्हणून एक वर्षाचा कोर्स असतो, त्याची चौकशी आत्ताच कर, तो डीजीआरच्या 24 आठवड्यांत बसत नाही. तुझं ट्रेडचं सर्टिफिकेट सिव्हिलमध्ये कशाच्या बरोबरीचं धरतात ते रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घे. आणि 15 वर्षं पूर्ण करूनच निघ, पेन्शनही त्याच्यावरच आहे आणि दहावी पास जवानाला केंद्राच्या गट क मध्ये पदवीच्या जागांसाठी पात्र धरतात तेही 15 वर्षांवरच.

वरूड

भाऊ, येत्या सुट्टीत घरी बसू नको. रिसोडच्या एखाद्या ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये जाऊन बस, मिस्त्रीला सांग पैसे नको, फक्त पाहू दे. सोयाबीन निघायच्या वेळी ये, तेव्हा थ्रेशर आणि ट्रॅक्टर एकदमच बिघडतात. कोणता पार्ट अकोल्याहून मागवावा लागतो आणि त्याच्यापायी शेतकरी किती दिवस थांबते ते लिहून घे. मग मले फोन कर, गॅरेज का आयटीआय ते बोलू.