मदत हवी आहे: ‘आमचं जमतं’, ‘बिनसलं’ हे इंग्रजीत नीट कसं सांगायचं?

खानापूर_रोड
नमस्कार मंडळी. आयेल्ट्सच्या (परदेशी जायला लागते ती इंग्रजीची परीक्षा) तोंडी परीक्षेची तयारी चाललीय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. दुसऱ्या भागात ‘एका मित्राविषयी बोला’ असं कार्ड येऊ शकतं म्हणे. व्याकरण बरं आहे, खरं ओळख झाली, वाजलं, अबोला धरला, परत गोडी झाली हे सांगायला ‘गुड फ्रेंड’ आणि ‘फाइट’ यापलीकडे शब्दच नाहीत. नेटवर शंभर-शंभर वाक्प्रचारांच्या याद्या आहेत. त्यातले कुठले पाठ करू?

मार्कंडेय_काठ
याद्या सोडा. बँड सातच्या, म्हणजे नऊपैकी सात गुणांच्या, निकषांत थोडे कमी वापरातले, वाक्प्रचारी शब्द अपेक्षित आहेत, म्हणींची माळ नव्हे.

आधी एक वाक्य दुरुस्त करा, कारण कार्ड हातात आलं की तेच पहिलं तोंडात येतं: ‘मी तिला सहा वर्षांपासून ओळखते’. आपल्याकडे याचं हमखास ‘आय ॲम नोइंग हर सिन्स सिक्स इयर्स’ होतं. यात चुका दोन. ओळखण्याच्या अर्थी ‘नो’ला इंग लागत नाही, आणि सिन्सपुढे सुरुवात यावी लागते, मुदत नाही. म्हणून ‘आय हॅव नोन हर फॉर सिक्स इयर्स’, नाहीतर ‘सिन्स २०१९’.

‘माझी एक मैत्रीण’ म्हणजे ‘माय वन फ्रेंड’ नव्हे, ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. मैत्री केली हे ‘आय मेड फ्रेंड्स विथ हर’. मैत्रीण एकटीच असली तरी फ्रेंड्स अनेकवचनीच.

‘वी हिट इट ऑफ’ हे पहिल्या भेटीतच सूत जुळलं तर. मधलं इट गाळू नका, आणि भूतकाळातही हिटच राहतं. रोजच्या जमण्याला ‘वी गेट ऑन वेल’. अमेरिकेत गेट अलाँग. ‘गेट ऑन लाइक अ हाउस ऑन फायर’मध्ये आग दिसली म्हणून भांडण समजाल, पण अर्थ नेमका उलटा: झटकन आणि घट्ट जमलं.

खरी गोची बिनसण्यात. ‘आय फेल आउट विथ हर ओव्हर मनी’. ज्याच्याशी बिनसलं त्याला विथ, ज्यावरून बिनसलं त्याला ओव्हर. ‘फेल्ट’ म्हटलात तर ‘वाटलं’ होईल. हातघाईवर न आलेल्या भांडणाला ‘वी हॅड अ राउ’. स्पेलिंग रांगेच्या ‘रो’चंच, उच्चार ‘नाउ’सारखा. अबोल्याला ‘वी आर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स’. परत गोडी झाली की ‘वी मेड अप’. आणि भांडण काहीच नाही, एक बेळगावात राहिली, दुसरी पुण्याला गेली, फोन कमी कमी होत गेले, तर तिथं फॉल आउट चालणार नाही. ते ‘वी ड्रिफ्टेड अपार्ट’.

शब्दवेडा_निपाणी
वरच्यात थोडी भर. इंटिमेट फ्रेंड म्हणू नका, त्यात शरीरसंबंधाची छटा येते. क्लोज फ्रेंड म्हणा, आणि तो क्लोज दार लावण्याचा नव्हे, शेवटी ‘स’: क्लोस. अफेअर म्हणजे साधं प्रेमप्रकरण नाही, बहुतेकदा लग्नाबाहेरचं. प्रपोज म्हणजे थेट लग्नाची मागणी. नुसतं मन सांगितलं असेल तर ‘आय टोल्ड हर हाउ आय फेल्ट’. (हा फेल्ट मात्र बरोबर आहे!) लग्न मॅरीड टू, विथ नाही.

खानापूर_रोड
लई उपकार झाले बघा. अजून दोन शंका. तयारीला मिळणाऱ्या एका मिनिटात काय लिहायचं? आणि मैत्रीण मामेबहीणच असली तर ‘कझिन सिस्टर’ चालतं का? साडू, व्याही यांचं काय?

मार्कंडेय_काठ
वाक्यं लिहीत बसू नका, मिनिट त्यातच जाईल. चार शब्दगट एकाखाली एक: नोन फॉर, हिट इट ऑफ, फेल आउट ओव्हर, मेड अप. गोष्टीचा क्रम आपोआप लागतो आणि दोन मिनिटं भरतात. त्यानंतर परीक्षक मध्येच थांबवतो, ते नेहमीचंच, दचकू नका.

नुसतं कझिन म्हणा, बाई की बुवा ते पुढच्या शी-हीवरून कळतं. आपल्या भागात काही समाजांत मामेबहीण-आतेभावाचं लग्न जमतं, चुलत भावंडांचं नाही. कझिनमध्ये हा भेदच मावत नाही. तिसऱ्या भागात, म्हणजे नंतरच्या चर्चेत, लग्नाच्या चालीरीतींवर गाडी गेली तर ‘मदर्स ब्रदर्स डॉटर’ असं फोडूनच सांगा.

ब्रदर-इन-लॉमध्ये दीर, मेहुणा, भावोजी सगळे एकाच पंगतीला. साडूला आपल्याकडे ‘को-ब्रदर’ म्हणतात, ते हुबळीपर्यंत चालेल, बाहेर समजणार नाही; ‘माय वाइफ्स सिस्टर्स हजबंड’ म्हणा. व्याह्याला कन्नडात बीगरु आहे, इंग्रजीत ती जागा रिकामी. ‘माय डॉटर्स फादर-इन-लॉ’ म्हणायचं आणि पुढं सरकायचं.