कोयना, पवनचक्क्या आणि सौर वीज असताना कोळशाची जुनी केंद्रे ग्रिडला नेमके काय देतात?

प्रश्न: कृष्णाकाठकर, वाळवा तालुका

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या आठवड्यात एका प्रश्नावरून बराच वाद झाला आणि तो अर्धवटच राहिला, म्हणून येथील जाणकारांपुढे मांडतो आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कोळशावर चालणारे एकही मोठे वीजकेंद्र नाही. उलट पाटण तालुक्यात कोयना, वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर तसेच ढालगावच्या माळावर पवनचक्क्या, गळीत हंगामात साखर कारखान्यांची बगॅसवरची वीज आणि आता सौर कृषिवाहिनीचे प्रकल्प, असे सगळे आपल्या अंगणात आहे. असे असताना एका निवृत्त शिक्षकांनी ठामपणे सांगितले की चंद्रपूर, कोराडी आणि भुसावळचे कोळशावरचे संच, म्हणजे वीज तयार करणारी यंत्रे, उद्या बंद केले, तर आपल्याकडचे दिवेही त्याच मिनिटाला विझतील. बाकीच्यांच्या मते हा निव्वळ बागुलबुवा आहे.

कोळशाची ही केंद्रे ग्रिडला, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, असे काय देतात, जे कोयनेला किंवा पवनचक्कीला देता येत नाही? आणि दुसरे म्हणजे, 'ग्रिडची विश्वासार्हता' हा शब्द सतत कानावर पडतो, पण आमच्या फीडरवरची वीज आठवड्यातून तीनदा जाते. मग ही विश्वासार्हता राहते तरी कोणाच्या घरी?

उत्तर: निवृत्त भारप्रेषक, कराड

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो बाजूला काढल्याशिवाय पुढचे बोलणे स्पष्ट होणार नाही. गावातली वीज जाते तेव्हा बहुतेक वेळा त्याला तुटलेली तार, फुटलेला इन्सुलेटर, वाहिनीवर पडलेली फांदी किंवा जळालेली डीपी कारणीभूत असते. तो वितरणाचा प्रश्न आहे आणि विदर्भात कोळशाचे कितीही ढीग रचले तरी तो सुटणार नाही. ग्रिडची विश्वासार्हता ही त्याच्या वरच्या पातळीवरची गोष्ट आहे. प्रत्येक क्षणी जितका वापर तितकीच निर्मिती ठेवून वारंवारिता, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने, 50 हर्ट्झच्या अगदी जवळ, म्हणजे 49.90 ते 50.05 या पट्ट्यात राखणे, हे तिचे मुख्य काम आहे. ते बिघडले की काय होते हे देशाने 30 आणि 31 जुलै 2012 रोजी पाहिले. पहिल्या दिवशी उत्तर ग्रिड कोसळले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही कोसळली. त्या दोन दिवसांत कोळशाचे संच कमी पडले नव्हते. पारेषण वाहिन्यांवर न पेलणारा भार गेला आणि त्या एकामागून एक सुटत गेल्या, हे आपल्या वाचनालयातील दोन्ही पक्षांनी लक्षात घ्यावे.

साताऱ्या-सांगलीत कोळसा नाही हे नकाशावर खरे आहे, तारांवर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडच्या 1200 मेगावॉटच्या कोळशाच्या केंद्रातून निघणाऱ्या 400 केव्ही वाहिन्या नवीन कोयना आणि कराडच्या उपकेंद्रांत येतात, सोलापूरजवळ एनटीपीसीचे 1320 मेगावॉटचे केंद्र आहे, आणि 31 डिसेंबर 2013 रोजी सोलापूर-रायचूर ही 765 केव्ही वाहिनी जोडली गेल्यापासून सबंध देशाची वारंवारिता एक झाली आहे. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात अमुक आहे म्हणून आम्हाला तमुक नको, असा हिशेब ग्रिडच्या बाबतीत मांडता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. 'कोळसा लागतो' या एका वाक्यात निरनिराळ्या सेवा एकत्र बांधल्या जातात आणि वाद तिथेच फसतो. पहिली सेवा जडत्वाची. आपल्याकडच्या गुऱ्हाळातला चरक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. चरकात उसाची जाड मोळी एकदम घातली तरी इंजिन लगेच गुदमरत नाही, कारण त्याच्या जड चाकात साठलेली गती तो झटका क्षणभर पेलते आणि तेवढ्या वेळात इंजिनाला जास्त तेल मिळते. औष्णिक केंद्राचे टर्बाइन आणि जनित्र मिळून असेच एक जड चाक असते, मिनिटाला 3000 फेरे घेणारे आणि ग्रिडच्या वारंवारितेशी बांधलेले. दूर कुठे एखादा मोठा संच अचानक बंद पडला, तर पहिल्या काही सेकंदांत वारंवारितेची घसरण ही चाके रोखून धरतात. सौर प्रकल्पाची वीज इन्व्हर्टरमधून येते, तिथे फिरणारे काहीच नाही. कोयनेची जनित्रेही हे काम करतात, पण फिरत असतील तेव्हाच.

दुसरी सेवा सूर्य मावळल्यानंतरच्या विजेची, आणि माझ्या मते आजच्या घटकेला हीच सर्वांत मोठी आहे. कोयनेची स्थापित क्षमता 1960 मेगावॉट आहे, पण पाणी मोजके आहे. पहिल्या कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. घाटाखालच्या पोफळीच्या वीजगृहाकडे जाणारे पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरते. त्यावरून ढोबळ हिशेब केला, आणि त्याच पाण्यावर पुढे कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात मिळणारी वीजही धरली, तरी एवढ्या पाण्यावर सगळे संच पूर्ण क्षमतेने दीड ते दोन महिनेच चालतील. म्हणून कोयना रोजच्या भाकरीसाठी नाही. ती अडीअडचणीला आणि संध्याकाळच्या दोन-चार तासांसाठी राखून वापरायची असते. वनकुसवड्याचा वारा जून ते ऑगस्टमध्ये भरभरून देतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, जेव्हा पाऊस संपून कृषिपंपही सुरू झालेले असतात, तेव्हा पाठ फिरवतो. त्या संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत सलग, ठरल्याप्रमाणे आणि हजारो मेगावॉटच्या मापाने मिळणारी वीज आज तरी मुख्यतः कोळशाचीच आहे.

मात्र कोळशाला सगळेच जमते असे नाही. बॉयलर थंड असेल तर संच भारावर यायला, म्हणजे ग्रिडला वीज देऊ लागायला, दहा-बारा तास सहज जातात, कोयनेचे यंत्र काही मिनिटांत येते. 5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे बंद झाले, तेव्हा मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने खाली आली आणि पुन्हा चढली. ती उतरण आणि चढण सांभाळण्यात सर्वांत मोठा वाटा जलविद्युत केंद्रांचा होता. शिवाय संपूर्ण अंधार झाल्यावर कोळशाच्या केंद्राला स्वतःच्या गिरण्या, पंखे आणि पंप चालवण्यासाठी बाहेरून वीज लागते. ती पहिली वीज बहुधा जलविद्युत केंद्रच देते.

उत्तर: शिराळकर, ऊस उत्पादक

वरील सदस्यांनी सविस्तर लिहिले आहे. त्यांच्या लिखाणात शेतकऱ्याची बाजू आली नाही, ती मांडतो. आम्हाला कित्येक वर्षे कृषिपंपाची वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळत आली. रात्रीच का, असे विचारले की 'तेव्हा वीज शिल्लक असते' असे उत्तर मिळे. त्या उत्तराचा अर्थ मला फार उशिरा कळला. कोळशाचा संच रात्री सहज बंद करून पहाटे चालू करता येत नाही, त्याला ठराविक पातळीच्या खाली आणता येत नाही, आणि शहर झोपल्यावर त्या विजेला कोणी तरी गिऱ्हाईक लागते. ते गिऱ्हाईक म्हणजे आम्ही. हातात बॅटरी घेऊन, उसात बिबट्या असेल हे माहीत असूनही, पाणी पाजायला रात्री एक वाजता जाणारा शिराळ्याचा शेतकरी हाही एका अर्थाने ग्रिडची विश्वासार्हता राखत होता. त्याची नोंद मात्र कुठल्याच ताळेबंदात नाही.

आता मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेमुळे आमच्या भागातील काही फीडर दिवसा चालू लागले आहेत. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळसारख्या उपसा योजनांचे अजस्र पंपही जितके दिवसा चालतील तितका संध्याकाळचा भार हलका होईल. विश्वासार्हतेची चर्चा नेहमी निर्मितीच्या बाजूनेच का होते, हा माझा आक्षेप आहे. पंप केव्हा चालवायचा हे ठरवणे ही देखील तेवढीच मोठी व्यवस्था आहे आणि ती चंद्रपुरात नव्हे, आमच्या बांधावर आहे.

उत्तर: माणदेशी

मी ऊर्जा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि माझे घर माण तालुक्यात आहे, म्हणून पाण्याचा मुद्दा मांडल्याशिवाय राहवत नाही. कोळशाचे केंद्र म्हणजे हमखास वीज, असे येथे गृहीत धरलेले दिसते. परळीचे औष्णिक केंद्र 2013 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि 2015 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. ऑक्टोबर 2021 मध्ये देशभरातील केंद्रांकडे जेमतेम काही दिवसांचा कोळसा उरला होता आणि एप्रिल 2022 च्या उन्हाळ्यात कोळशाच्या टंचाईमुळे अनेक राज्यांत भारनियमन झाले. वारा पडला की पवनचक्कीला आपण लहरी म्हणतो. मग नदी आटली, खाणीत पाणी भरले किंवा रेल्वेची वाघीण वेळेवर आली नाही, तर औष्णिक केंद्राला वेगळे विशेषण का? निवृत्त भारप्रेषक साहेबांनी ऑक्टोबरच्या संध्याकाळचे उदाहरण दिले आहे. नेमक्या ऑक्टोबरमध्येच कोळशाचा साठा तळाला गेला होता, याकडे मी आदरपूर्वक लक्ष वेधतो.

जडत्वाचेही तेच. त्यासाठी कोळसा जाळण्याची गरज नाही. ग्रेट ब्रिटनने 30 सप्टेंबर 2024 रोजी आपले शेवटचे कोळशाचे केंद्र बंद केले. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे शेवटचे केंद्र तर 2016 मध्येच बंद झाले, आणि तिथे आता जडत्वासाठी इंधनाशिवाय नुसती फिरणारी यंत्रे, म्हणजे सिंक्रोनस कंडेन्सर, बसवलेली आहेत.

उत्तर: निवृत्त भारप्रेषक, कराड

माणदेशी यांचा ऑक्टोबरचा टोला योग्य जागी बसला आहे. मी तो मान्य करतो. यंत्र शाबूत असणे आणि इंधन हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या पिढीने पहिलीलाच विश्वासार्हता म्हणण्याची सवय लावून घेतली. मात्र एक फरक राहतो. कोळशाची टंचाई आठवडाभर आधी साठ्याच्या आकड्यांत दिसू लागते, त्यामुळे वाघिणी वळवायला किंवा कोयनेचे पाणी राखायला थोडा अवधी मिळतो. सूर्यास्त ठरलेला असतो, पण तो रोज असतो आणि सगळ्या सौर प्रकल्पांवर जवळपास एकाच वेळी होतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचे उदाहरण देताना एक गोष्ट राहिली. त्या राज्याला शेजारच्या व्हिक्टोरियाशी जोडणाऱ्या तारा आहेत आणि व्हिक्टोरियात कोळसा अजून जळतो आहे. शिवाय सप्टेंबर 2016 मध्ये त्या सबंध राज्यात अंधार झाला होता आणि बॅटऱ्या व कंडेन्सर त्यानंतर आले. ते तंत्र खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. पर्याय आधी जोडावा आणि मग संच काढावा, एवढाच क्रम मला त्यातून दिसतो.

शिराळकर यांनी रात्रीच्या विजेचे जे कारण सांगितले ते मला बरोबर वाटते, जरी भारप्रेषण केंद्रात, म्हणजे विजेची मागणी आणि निर्मिती जुळवणाऱ्या कक्षात, बसून आम्ही त्या शब्दांत कधी ते बोललो नाही. गंमत अशी की आता चित्र उलटे झाले आहे. पूर्वी कोळशाला रात्री गिऱ्हाईक लागे, आता त्याला भर दुपारी सौर विजेसाठी खाली बसावे लागते आणि दिवेलागणीला पुन्हा उठावे लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनुसार कोळशाच्या संचांनी क्षमतेच्या 40 टक्के भारापर्यंत खाली येण्याची तयारी करायची आहे. पूर्वी 55 टक्क्यांवरच खळखळ होत असे. 500 मेगावॉटचा संच याप्रमाणे दुपारी 200 वर आणून संध्याकाळी परत चढवायचा, तर मिनिटाला एक ते तीन टक्के, म्हणजे 5 ते 15 मेगावॉट, या गतीने तो चढतो. असे रोज केल्याने बॉयलरच्या नळ्या तापून-निवून थकतात, गळती वाढते आणि प्रत्येक युनिटमागे कोळसाही जास्त लागतो. कायम एका भारावर चालण्यासाठी बांधलेल्या यंत्राला आपण आता राखीव खेळाडूचे काम देतो आहोत, आणि ते तो नाखुशीने करतो.

प्रश्नकर्ता: कृष्णाकाठकर, वाळवा तालुका

सर्वांचा आभारी आहे. वाचनालयात दोन्ही बाजूंना थोडे थोडे मागे सरावे लागणार असे दिसते. एकच शंका उरते. मग 210 मेगावॉटचे जुने संच आधी काढावेत की शेवटी? आणि संध्याकाळची ती जागा कोणी घ्यायची?

उत्तर: निवृत्त भारप्रेषक, कराड

वयावरून ठरवू नये, जागेवरून ठरवावे. खाणीपासून लांब, रेल्वेने कोळसा आणणारा जुना संच महाग पडतो. पण तो मोठ्या शहराजवळ असेल तर तिथले व्होल्टेज सांभाळण्यात त्याचा हातभार असतो, आणि त्याचे जनित्रच कंडेन्सर म्हणून वापरता येते का, हे तपासूनच त्याच्या बॉयलरचा निकाल लावावा. संध्याकाळच्या जागेसाठी माझे मत उदंचन जलविद्युत प्रकल्पाकडे झुकते. दुपारच्या सौर विजेवर पाणी वर चढवायचे आणि रात्री खाली सोडायचे. राज्यात घाटघरचा 250 मेगावॉटचा प्रकल्प याच तत्त्वावर आहे, आणि सह्याद्रीचा कडा तर आपल्या दारातच उभा आहे. बॅटऱ्या लवकर उभ्या राहतात, पण त्या सहसा दोन-चार तासांच्या मापाने बांधलेल्या असतात. पावसाळ्यातील ढगाळ आठवड्याला त्या पुरत नाहीत.

वाचनालयासाठी एक सुचवतो. राज्य भार प्रेषण केंद्र रोजच्या निर्मितीचे आकडे संकेतस्थळावर देते. जुलै, ऑक्टोबर आणि एप्रिलमधील प्रत्येकी एक दिवस घ्या, आणि दुपारी एक व संध्याकाळी साडेसात या दोन वेळांचे कोळसा, जल, पवन आणि सौर यांचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून फलकावर लावा. शिक्षक महोदयांना जुलैची दुपार आधी दाखवा आणि त्यांच्या विरोधकांना ऑक्टोबरची संध्याकाळ.