मदत हवी आहे: लोकांचं सांगणं आन रजिस्टर जुळंना

नमस्कार, मी परभणीकडची, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली मास्टर्स) प्रोजेक्टसाठी घरोघरी विचारतेय की मागच्या 12 महिन्यांत मनाच्या त्रासासाठी दवाखान्यात गेलात का, आणि मग लेखी परवानगी घेऊन ते सरकारी ओपीडीच्या रजिस्टरशी ताडून बघतेय. एक मावशी म्हणाल्या, "छे गं, डोकं दुखायचं म्हणून गेलते", आणि देवाच्या फोटोमागं घडी करून ठेवलेल्या केसपेपरवर डिप्रेशनची गोळी. त्या खोटं नाही बोलल्या, त्यांच्यासाठी ती डोकेदुखीच होती. उलट जे प्रायव्हेटला गेले किंवा 14416 वर (टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) बोलले ते या रजिस्टरमधे येणारच नाहीत, मग रजिस्टरलाच खरं धरून सेन्सिटिव्हिटी (म्हणजे रजिस्टरमधे नोंद असलेल्यांपैकी किती जणांनी "गेलो" असं सांगितलं) काढायची हे मला पटत नाही. नुसता कोहेनचा कॅप्पा (Cohen's kappa, दोन्ही उत्तरं निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त जुळतात याचं माप) काढू का? पण सेवा घेणारे कमी असले की तोही खाली येतो ना? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.