मदत हवी आहे : ६ गिगाहर्ट्झचा वाय-फाय रेडिओ जुन्या ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी सरकारी मान्यता) प्रमाणपत्रावर सुरू करता येतो का?

नमस्कार.

नागपुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील आणि वसतिगृहातील वाय-फायची देखभाल आमच्याकडे आहे. तेथे बसवलेल्या ॲक्सेस पॉइंटमध्ये (वाय-फाय पुरवणाऱ्या उपकरणांत) २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या जोडीला ६ गिगाहर्ट्झचा रेडिओही आहे, परंतु खरेदीच्या वेळी हा वारंवारितेचा पट्टा आपल्याकडे खुला नसल्यामुळे भारतासाठीच्या फर्मवेअरमध्ये (उपकरणातील अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) तो बंद ठेवलेला होता. मे २०२५ मध्ये नियमांचा मसुदा आला आणि जानेवारी २०२६ मध्ये दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त केला. आता पुरवठादाराचे म्हणणे असे आहे की फर्मवेअर अद्ययावत करून रेडिओ सुरू करावा, वेगळ्या कागदपत्रांची गरज नाही.

परीक्षेच्या काळात अभ्यासिका भरलेली असते आणि ५ गिगाहर्ट्झच्या वाहिन्या अपुऱ्या पडतात, त्यामुळे या पट्ट्याची आम्हाला खरोखरच निकड आहे. तरीही पुरवठादाराचे म्हणणे मला पटत नाही. वापरणाऱ्याला परवाना नको, याचा अर्थ उपकरणाला मान्यता नको असा होत नाही. हाती असलेल्या ईटीए प्रमाणपत्रावर २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे नोंदवलेले आहेत. ६ गिगाहर्ट्झचा उल्लेख कोठेही नाही. त्याऐवजी मला अमेरिकेतील चाचणीचा अहवाल दाखवण्यात आला, ज्यात ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा तपासलेला आहे.

जाणकारांना विनंती आहे की त्यांनी दोन गोष्टींबाबत मार्गदर्शन करावे. नवे ईटीए लागत असेल तर ते कोणी काढायचे, आणि हा अमेरिकी अहवाल त्यासाठी चालेल का? शिवाय वसतिगृहाचे व्हरांडे एका बाजूने पूर्ण उघडे आहेत. तेथील उपकरणे घरातील धरायची की बाहेरची?

प्रतिसाद :

तुमची शंका रास्त आहे. ईटीए मॉडेलनुसार आणि त्यावर नोंदवलेल्या वारंवारितांनुसार असते, म्हणून जो पट्टा प्रमाणपत्रावर नाही त्याला ते लागू होत नाही. फर्मवेअरने रेडिओ जागा होईल, मान्यता मिळणार नाही. परवानामुक्त पट्ट्यांतील उपकरणांसाठी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर स्वयंघोषणेने ईटीए मिळते आणि ते काम उत्पादकाचे किंवा आयातदाराचे आहे, महाविद्यालयाचे किंवा तुमचे नाही. पुरवठादाराकडून ६ गिगाहर्ट्झचा स्पष्ट उल्लेख असलेले प्रमाणपत्र लेखी मागा आणि त्यावरील मॉडेल क्रमांक उपकरणाच्या मागील पट्टीशी ताडून पाहा.

परदेशातील अहवाल केवळ परदेशी म्हणून बाद होत नाही. प्रयोगशाळेला आयएसओ/आयईसी १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांचे आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असली पाहिजे. तो वाचताना मात्र आपल्या मर्यादा समोर ठेवाव्यात. घरातील कमी शक्तीच्या उपकरणाला आपल्याकडे जास्तीत जास्त ३० डीबीएम (शक्तीचे एक माप), म्हणजे १ वॉट ईआयआरपी (अँटेनाची वाढ धरून बाहेर पडणारी एकूण शक्ती) आणि दर मेगाहर्ट्झला ११ डीबीएम एवढी मुभा आहे. अमेरिकेत या वर्गाला दर मेगाहर्ट्झला ५ डीबीएमच मिळतात, त्यामुळे त्या मर्यादेत बसणारे उपकरण शक्तीच्या बाबतीत आपल्याकडेही बसते. खरी अडचण पट्ट्याच्या वरच्या टोकाला आहे. ६४२५ मेगाहर्ट्झच्या पुढच्या वाहिन्या आपल्याकडे वाय-फायसाठी खुल्या नाहीत, म्हणून उपकरणाच्या सेटिंगमधील देशाच्या यादीत अमेरिका निवडून काम भागवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. आपल्या पट्ट्यात १६० मेगाहर्ट्झच्या तीन वाहिन्या मावतात, तर ३२० मेगाहर्ट्झची एकच. भरलेल्या अभ्यासिकेसाठी मी ८० मेगाहर्ट्झच्या वाहिन्या वापरेन, कारण ११ डीबीएमच्या मर्यादेत तेवढ्या रुंदीलाच एकूण शक्ती ३० डीबीएमपर्यंत पोहोचते आणि शेजारच्या उपकरणांना वेगळ्या वाहिन्याही देता येतात.

टीईसीचे (दूरसंचार विभागाच्या अभियांत्रिकी केंद्राचे) एमटीसीटीई, म्हणजे दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या चाचणीचे प्रमाणपत्र ही ईटीएहून वेगळी बाब आहे; एक असले म्हणून दुसरे असल्याचे गृहीत धरू नये.

व्हरांड्याबाबत मी कडक भूमिका घेईन. याच पट्ट्यातून उपग्रहांकडे जाणारे सी-बँडचे दुवे चालतात. घरातील उपकरणांना १ वॉट मिळतो तो इमारतीच्या भिंती लहरी अडवतात या भरवशावर, आणि उघड्या व्हरांड्यात ती भिंतच नसते. बाहेरच्या वापरासाठी केवळ अतिकमी शक्तीचा वर्ग आहे : १४ डीबीएम, म्हणजे सुमारे २५ मिलीवॉट. तेथे ५ गिगाहर्ट्झच ठेवा आणि ६ गिगाहर्ट्झची उपकरणे खोल्यांच्या आत बसवा. ईआयआरपीमध्ये अँटेनाची वाढही मोजली जात असल्यामुळे बाहेरून अँटेना जोडू नका.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. व्हरांड्यातील उपकरणांचा ६ गिगाहर्ट्झ रेडिओ कंट्रोलरमधून कायमचा बंद ठेवतो आणि पुरवठादाराला आजच पत्र पाठवतो. महाविद्यालयाच्या बसमध्येही असाच एक ॲक्सेस पॉइंट बसवण्याचा प्रस्ताव आहे. त्याला हेच नियम लागू होतील का?

प्रतिसाद :

बसमध्ये घरातील वर्गाचे उपकरण चालणार नाही. जमिनीवरील वाहने, नौका आणि तेलाचे फलाट येथे त्याला नियमांनीच मनाई आहे. विमानात १०,००० फुटांच्या वर सूट आहे, पण बसला तशी सूट नाही. प्रस्तावातून ६ गिगाहर्ट्झ वगळा.