मदत हवी आहे: जुन्या डीव्हीडी खराब होतायत, आता कशावर ठेवू?

नमस्कार मंडळी, खानापूरला आमच्या घरी २००६ ते २०१२ मधल्या २३ डीव्हीडी-आर आहेत, लग्नं, बारशी आणि एकीत आज्जी जात्यावर ओव्या म्हणतीय, ती आता नाही त्यामुळं तीच डिस्क सगळ्यात महत्त्वाची. आमच्याकडचा पाऊस ठाऊकच आहे, कपाटात ओल येते, ५ डिस्कच्या बाहेरच्या कडेला जांभळा रंग फिका पडलाय. बाकी १८ च्या आयएसओ (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली फाइल) काढून दोन हार्डडिस्कवर ठेवल्यात. त्या ५ मऊ कापडानं मधून कडेकडं पुसल्या, दोन ड्राइव्ह बदलले, डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधला डेटा वाचवायचं सॉफ्टवेअर) रात्रभर चालवलं, ४ निघाल्या पण आज्जीची ८८ टक्क्यांवर अडकलीय. रेकॉर्डिंग आतून बाहेर जातं म्हणून शेवटच्या ओव्याच जातायत हो. व्हिडिओवाल्याकडं मूळ टेप नाही, विचारून झालं. क्लाउड नको, गावात नेट धड नाही. सगळं मिळून ९० जीबी, बजेट ५-६ हजार.

डीव्हीडी-आरचा डाय (ज्यात डेटा लिहिला जातो तो रंगाचा थर) सेंद्रिय असतो, एम-डिस्कचा (जास्त वर्षं टिकावी म्हणून बनवलेली डिस्क) थर तसा नसतो एवढं वाचलंय. तर आपल्याकडच्या दमट हवेत २५ जीबीची एम-डिस्क ब्लू-रे कुणी ४-५ पावसाळे ठेवून परत वाचून बघितलीय का? आणि आज्जीच्या डिस्कसाठी ओरखडे घासून काढणारं मशीन वापरू का, की डायच गेला असेल तर त्याचा उपयोग नाही आणि अजून वेगळ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून बघू?