रातांबा (कोकम) नुसता फुलतोय, फळ नाही. तोडू का?

मागीलदार (देवरुख)
आमच्या मागीलदारी पाचेक गुंठे जागा आहे. जमीन जांभ्याची, हातभर खणलं की पहार खणखणते. सासूबाईंच्या हातचा बरका फणस आणि दोन रायवळ आंबे आधीपासून होते. मी एकेक करत रत्ना आंबा, चिकू, पेरू, जाम, पपनस, करमळ लावलं आणि न्हाणीच्या पाण्यावर केळी. मुलांना बारा महिने झाडावरचं काहीतरी हाताला लागावं, एवढीच हौस.

अडलंय रातांब्यापाशी. 2014 च्या पावसात बियांची दोन रोपं लावली होती. एक गेली दोन वर्षं धरतोय, घरापुरती आमसुलं होतात. दुसरा मात्र नुसता फुलतो. खाली फुलांचा सडा पडतो, फळ एक नाही. शेणखत झालं, राख झाली. घरचे म्हणतात, तोड आणि लिंबू लाव. माझा हात धजत नाही.

आणि फणसाखालचं सीताफळ चार वर्षं गुडघ्याएवढंच आहे.

नाना दापोली
ताई, थांबा, कोयती लावू नका. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपाचं काय निघेल ते फुलल्याशिवाय कळत नाही. आता फुलं आहेतच, तर दोन्ही झाडांची एकेक तोडा आणि नखाने उघडून बघा. मादीच्या फुलात मधोमध हिरवी गोल गाठ दिसते, तेच पुढे फळ. नरात नुसता पुंकेसरांचा पिवळसर गुच्छ. नर असेल तर खत कितीही घाला, धरणार नाही. पण बागेत दहा मादी कलमांमागे एक नर ठेवायला सांगतात, तेव्हा तो फुकट उभा नाही.

पुढे लावायचं झालं तर कलमच घ्या. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता ही रातांब्याची जात पावसाच्या आत तयार होते. आमसुलं वाळवायला ऊन मिळणं किती मोलाचं, ते तुम्हाला सांगायला नको.

भिरंडवाला (सावंतवाडी)
नानांचं पटतं, पण तुमच्या आजूबाजूला रानात भिरंडीची, म्हणजे रातांब्याचीच, झाडं असतीलच, नराची वानवा पडायची नाही. मी माझ्या नराच्या निम्म्या फांद्या छाटल्या, नवीन फुटवे आल्यावर त्यांवर मादीच्या काड्यांची कलमं बांधून घेतली. मुळं जुनी असल्याने जोर चांगला धरला. जाणत्या कलमवाल्याकडूनच करून घ्या. काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची घेतली की झाड आडवंच पसरतं.

सीताफळाला ऊन लागतं, ते पावसाच्या तोंडाला हलवा. फणसाखाली अननस लावा आणि बुंध्यावर मिरवेल चढवा.

मागीलदार (देवरुख)
आज सकाळी दोन्हीकडची फुलं घेऊन पायरीवर बसले. धाकटीने नखाने उघडली. एकात मुगाएवढी हिरवी गाठ, दुसऱ्यात नुसता पिवळा भुसका. इतकी वर्षं खाली पडलेली फुलं झाडून टाकली, एकदाही उघडून पाहिली नाहीत!

नर ठेवतेय. विहिरीकडच्या दोन फांद्यांवर कलम बांधून बघायचं ठरलंय. भिरंडवालादादा, फांद्या छाटायच्या कधी, आता फुलावर असतानाच की फुलं संपल्यावर?

भिरंडवाला (सावंतवाडी)
मी फुलं संपल्यावर छाटल्या होत्या. छाटलेल्या तोंडाला शेण-माती लिंपा, आणि एक फांदी तरी पानांसकट राखा.